जुन्या जीपच्या चाकांना लांब स्टड बसवताना

अलॉय रिम बसवून आठच दिवस झाले होते. वरंध घाट उतरताना डावीकडच्या मागच्या चाकातून, वळणावर आणि तेही कमी वेगात, टक्-टक् असा आवाज येऊ लागला. गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, वयाने माझ्या संसाराएवढी. बाजूला घेऊन पाना लावला तर पाचपैकी दोन नट हलके झालेले होते. ते आवळून हळूहळू घरी आलो, गाडी थंड होऊ दिली आणि एकेक नट हाताने सोडवत त्याचे फेरे मोजले. सहा फेरे पूर्ण होऊन सातवा सुरू होताच नट हातात आला. रिम बसवणाऱ्याने नट घट्ट आवळले होते, यात शंका नाही; मात्र ते किती आट्यांवर धरून आहेत हे त्याने पाहिले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

ज्यांनी जुन्या जीपला किंवा जुन्या पिकअपला जाड रिम बसवले आहेत, डिस्क ब्रेक करून घेतले आहेत किंवा तसे करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ही दोन्ही कामे केल्यावर हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) आणि नट यांच्यामधली जाडी वाढते, आणि तेवढीच लांबी मूळ स्टडमधून, म्हणजे हबमध्ये बसवलेल्या ज्या बोल्टवर चाकाचा नट चढतो त्यातून, वजा होते. त्यावर उपाय म्हणजे लांब स्टड. परंतु दुकानात जाऊन केवळ ‘लांब बोल्ट द्या’ असे सांगण्याने हे काम होत नाही. व्यास, आटे, नर्लिंग (डोक्याखालचा दातेरी पट्टा), बिनआट्याचा दांडा आणि नटाची बैठक (रिमवर नट टेकतो ती जागा) या पाच गोष्टी जुळल्यानंतर लांबीचा आकडा ठरतो. बहुतेक चुका लांबी आधी ठरवल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

नट चाकाला कसे धरतो

चाकाचे वजन स्टडवर टांगलेले असते, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे रिमला ब्रेकच्या ड्रमवर दाबून धरतो. त्या दाबामुळे रिम आणि ड्रम यांच्या पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते, ते चाकाचा सगळा भार पेलते. विलीज (मूळ अमेरिकी जीप) घडणीच्या जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चार सुती, आणि त्यावर इंचाला २० असे बारीक आटे असतात. तो कोरड्या आट्यांवर सुमारे ११ किलोग्रॅम-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळला, तर एका स्टडमध्ये साधारण चार टनांचा ताण उभा राहतो. एवढा ताण देऊनही स्टड मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच लांबतो.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. रिमच्या आतल्या बाजूला दिलेला रंगाचा थर जवळजवळ तेवढाच जाड असतो. चार दिवसांत तो रंग दाबला जाऊन चुरला की स्टडचा ताण उतरतो. नट जागचा न फिरताही चाक सैल होते. मग रिम ड्रमवर सूक्ष्म सरकू लागते, स्टड प्रत्येक फेऱ्यागणिक वाकतो आणि थकून तुटतो. तुटलेल्या स्टडच्या तोंडाकडे निरखून पाहिले तर समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांच्या खुणांसारख्या वळ्या दिसतात, आणि उरलेला छोटा भाग एकदम तुटल्यामुळे खरबरीत असतो. एक स्टड असा तुटला असेल, तर त्याच्या शेजाऱ्यांनीही तेवढाच मार खाल्लेला असतो. म्हणून एकच स्टड बदलू नये, चाकाचे पाचही बदलावेत.

आधी मोजणी

वर्निअर कॅलिपर, पट्टी, वही आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. सर्वांत खात्रीची मोजणी अगदी साधी आहे. चाक जागेवर असताना एक नट पूर्ण सैल करावा, बोटांनी पुन्हा फिरवत बैठकीला टेकेपर्यंत आणावा, नटाच्या एका कडेवर खडूची खूण करावी आणि तो सुटेपर्यंतचे फेरे मोजावेत. नटाने निदान स्टडच्या व्यासाइतके आटे धरले पाहिजेत. अर्ध्या इंचाच्या, २० आट्यांच्या स्टडला एका फेऱ्यात १.२७ मिलिमीटर अंतर कापले जाते, म्हणजे १२.७ मिलिमीटरसाठी दहा फेरे हवेत. स्टडच्या टोकाचे पहिले दोन मिलिमीटर निमुळते असतात आणि तेथील आटे भार घेत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात अकरा-बारा फेरे मिळतील असे पाहावे.

त्यानंतर चाक उतरवून चार मापे घ्यावीत: ड्रमच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून स्टडच्या टोकापर्यंतची लांबी, ड्रमच्या पत्र्याची जाडी, हबच्या फ्लँजची (ज्या चकतीत स्टड बसतात तिची) जाडी आणि नव्या रिमची जाडी. रिमची जाडी मोजताना लोक बहुधा फसतात. नटाचा शंकू भोकाच्या आत उतरतो, त्यामुळे बाहेरच्या चेहऱ्यापासून नव्हे, तर नटाचे आतले टोक जेथे थांबते तेथून ड्रमला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर धरावे. नट भोकात बसवून मागच्या बाजूने वर्निअरची खोली मोजणारी काडी घातली की हे अंतर अचूक मिळते.

माझ्या गाडीचे आकडे उदाहरणादाखल देतो. ड्रमबाहेर स्टड २७ मिलिमीटर होता. अलॉय रिमची जाडी १७ मिलिमीटर भरली. उरले १०, त्यातले टोकाचे दोन वजा केले तर ८, त्याला १.२७ ने भागले की सहा फेरे आणि वर थोडे, म्हणजे नेमके जे मी बोटांनी मोजले होते तेच. आता हवी असलेली लांबी पाहू. रिमचे १७, नटाच्या पकडीचे १२.७, टोकाचे २, अशी बेरीज जवळपास ३२ येते. वर तीन मिलिमीटर सवड ठेवून मी ३५ धरले. ड्रम ६ आणि फ्लँज १० मिलिमीटर, म्हणून डोक्याच्या खालून टोकापर्यंत ५१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास दोन इंच. हे आकडे तसेच्या तसे उचलू नयेत. तुमचा ड्रम लेथवर किती वेळा साफ केला गेला आहे आणि मधल्या कोणत्या मालकाने काय बदलले आहे, हे तुमचे वर्निअरच सांगू शकते.

स्टडची निवड

विलीज परंपरेच्या जीपची पाच भोके ५.५ इंचांच्या, म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. मारुतीच्या जिप्सीचेही वर्तुळ तेच आहे. त्यामुळे जिप्सीचे रिम, नट आणि स्टड जीपला लावण्याचा मोह होतो, आणि येथेच एक सापळा आहे. जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटरचा असून त्याचा आटा १.२५ चा आहे, जीपचा १२.७ मिलिमीटरचा आणि आटा १.२७ चा. आट्यांतले अंतर इतके जवळचे आहे की आटे मोजायची पट्टीही चटकन फरक दाखवत नाही. जीपचा नट १२ मिलिमीटरच्या स्टडवर अगदी सहज फिरतो, थोडाफार आवळतोही, पण केवळ आट्यांच्या शेंड्यांवर धरून असतो. टॉर्क दिला की आटे सोलून निघतात, आणि कधी कधी तर ते घाटात गरम झाल्यावर निघतात. नट स्टडवर ठेवून हलवून पाहावा. जाणवण्याइतका डुगडुगत असेल तर तो त्या स्टडचा नाही. वर्निअरने व्यास मोजला की दोन सेकंदांत निकाल लागतो.

दुसरी बाब डाव्या आट्यांची. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असत आणि त्यांच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर ठोकलेले असे. गंज आणि रंगाखाली ते अक्षर झाकले जाते. मग एखादा नवखा मदतनीस लांब पाइप लावून, सैल करण्याच्या समजुतीने तो नट आणखी आवळत जातो आणि स्टड मोडतो. स्टडचे टोक तारेच्या ब्रशने घासून आधी वाचावे. लांब स्टड डाव्या आट्यांत मिळणे कठीण असते, म्हणून बहुतेक जण चारही चाके उजव्या आट्यांची करून घेतात. तसे करण्यास हरकत नाही, मात्र एकाच हबवर मिश्रण कधीही ठेवू नये आणि जुने उलटे नट गाडीच्या पेटीत राहू देऊ नयेत.

तिसरी बाब नर्लिंगची, आणि तिच्यावर सर्वाधिक लक्ष द्यावे असा माझा आग्रह आहे. स्टडच्या डोक्याखाली उभ्या दातांचा जो पट्टा असतो, तो हबच्या भोकापेक्षा किंचित जाड असतो आणि दाबून बसवल्यावर त्याचे दात भोकाच्या भिंतीत रुततात. ही जादा जाडी साधारण एक ते साडेतीन दशांश मिलिमीटरच्या दरम्यान हवी. कमी असेल तर नट सोडवताना स्टड जागच्या जागी फिरतो. जास्त असेल तर जुन्या हबला तडा जाऊ शकतो. पट्ट्याची लांबी फ्लँजच्या जाडीपेक्षा जास्त असू नये, नाहीतर दात बाहेर डोकावतात आणि ड्रम सपाट बसत नाही. त्याच्यापुढचा बिनआट्याचा दांडाही तपासावा. लांब स्टडमध्ये अनेकदा हा दांडाच लांब असतो. अशा वेळी नट रिमला आवळण्याआधी आटे संपतात, पाना कडक लागतो, आणि चाक मात्र सैल असते.

दर्जाबाबत तडजोड करू नये. डोक्यावर १०.९ असा ताकदीचा दर्जा असलेला स्टड घ्यावा, ८.८ च्या खाली तर उतरूच नये. साध्या बोल्टचे डोके कापून केलेले, वेल्डिंगने लांबवलेले किंवा दुकानदाराने लेथवर ‘बनवून’ दिलेले स्टड चाकाला लावू नयेत. त्यांचे पोलाद कोणते आणि त्यावर उष्णतेचा कोणता संस्कार झाला आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. शोभेसाठी स्टडवर क्रोम किंवा जस्ताचा मुलामाही देऊ नये. त्या प्रक्रियेत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन, आवळून ठेवलेल्या अवस्थेतच, काही तासांनी किंवा दिवसांनी तुटू शकते. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात शोधायला जाताना जुना स्टड, नट आणि वहीतले आकडे सोबत न्यावेत, आणि निवडलेला प्रत्येक स्टड तिथेच मोजावा. वीस स्टड लागतात. मी बावीस घेतो, कारण बसवताना एखादा वाकडा गेला तर काम अडू नये.

गाडी उचलणे आणि हब उतरवणे

जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचे एकच चाक उचलले की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) मोकळे होते आणि हातब्रेक ओढलेला असतानाही गाडी सरकू शकते. म्हणून गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक लावावा आणि ॲक्सलखाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) ठेवल्याशिवाय हात आत घालू नये. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून केलेले काम मी कधीच करत नाही आणि कोणाला करूही देत नाही.

ड्रमच्या आतली धूळ फुंकू नये आणि कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने ओली करून फडक्याने पुसून घ्यावी.

पुढच्या हबवर टोपी किंवा लॉकिंग हब काढल्यावर बाहेरचा नट, वाकवलेला लॉक वॉशर आणि आतला समायोजनाचा नट असा क्रम लागतो. छिन्नी-हातोडीने हे नट फिरवण्याची पद्धत फार रूढ आहे, पण त्यामुळे नटाच्या कडा आणि स्पिंडलचे आटे खराब होतात. मोठा बॉक्स पाना मिळवणे श्रेयस्कर. मागच्या ॲक्सलच्या ज्या घडणीत हब टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) चावीने बसलेला असतो, तेथे पुलरशिवाय, म्हणजे हब ओढून काढणाऱ्या साधनाशिवाय, पर्याय नाही. अशा वेळी मोठा नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे धरून ठेवावा. वर्षानुवर्षे जखडलेला हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, आणि तो नटच त्याला अडवतो.

जुने स्टड काढणे

येथे घाई केली तर हब वाया जातो. ड्रम हबवर तीन चपट्या स्क्रूंनी धरलेला असेल, तर ते काढून ड्रम वेगळा करावा आणि काम सरळ होते. परंतु कित्येक जुन्या घडणींत स्टडचीच कड ड्रमच्या बाजूने फुलवून, रिव्हेटसारखी दाबून, ड्रम हबला जखडलेला असतो. ही फुललेली कड न काढता स्टड प्रेसने (दाब देणाऱ्या यंत्राने) ढकलला, तर ती कड भोकातून वाट काढत जाते, भोक मोठे करते आणि नव्या स्टडचे दात धरायला काहीच उरत नाही. लेथवाल्याकडून पोकळ कटर स्टडवर घालून ती कड आधी कापून घ्यावी. कड निघाल्याची खूण अशी की स्टडभोवती ड्रमचा पृष्ठभाग सपाट, चकचकीत गोल दिसू लागतो. मगच प्रेस लावावा.

प्रेसखाली हब ठेवताना आधार भोकाच्या अगदी भोवती द्यावा. स्टडचे डोके आरामात आत जाईल एवढ्या पाइपचा जाड तुकडा दोन्ही तोंडांनी लेथवर सपाट करून घेतला की उत्तम आधार होतो. हब कडेवर टेकवून मध्ये दाब दिला तर फ्लँज वाकते, आणि नंतर चाक हलके डुलत फिरते. त्याचा दोष मग टायरवर आणि अलाइनमेंटवर येत राहतो. घणाने ठोकून स्टड काढण्याविषयी एवढेच म्हणेन की जुना ओतीव हब त्या धक्क्यासाठी बनलेला नाही.

भोकांची तपासणी

स्टड निघाल्यावर हब डिझेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडा करावा. मग माझ्या गावच्या टर्नरकडून शिकलेली एक जुनी, बिनखर्ची पद्धत वापरावी. प्रत्येक भोकाभोवती रॉकेल लावावे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे, फडक्याने कोरडे पुसावे आणि खडूची बारीक पूड भुरभुरावी. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल पाझरून वर येते आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटते. पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा मी ती पुसून दुसऱ्यांदा पूड टाकली; रेघ पुन्हा त्याच जागी, भोकापासून फ्लँजच्या कडेकडे जाणारी. तो हब भंगारात गेला. ज्यांना डाय पेनिट्रंटची (तडा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाची) सोय उपलब्ध आहे त्यांनी ती जरूर वापरावी, परंतु खडू आणि रॉकेल न वापरण्याला कोणतेही कारण नाही.

जुन्या दातांच्या खाचा भोकात दिसतील. नवा स्टड हाताने घालून पाहावा. नर्लिंगचा पट्टा बोटांच्या जोराने आत जात असेल तर ते भोक सैल झाले आहे. त्यावर उपाय एकच: अधिक जाड नर्लिंगचा स्टड शोधणे. डोक्याला मागून वेल्डिंगचा टाका मारून स्टड पक्का करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्या उष्णतेने स्टडच्या पोलादाचे पाणी उतरते, टाक्याच्या कडेला तडा सुरू होतो आणि हबही बिघडतो. भोकात पंचने खुणा मारणे किंवा चिकटद्रव्य घालणे हेही तितकेच फसवे उपाय आहेत.

नवे स्टड बसवणे

नवा स्टड बसवतानाही प्रेसच वापरावा. जुन्या खाचांशी नव्या स्टडचे दात जुळवायला जाऊ नये. नवे दात नव्या जागी रुतले तरच पकड येते. स्टड काटकोनात उभा आहे हे दोन बाजूंनी गुण्या लावून पाहावे, मग सावकाश दाब द्यावा. सुरुवातीला प्रेसचा हात एकसारखा जड लागतो. डोके फ्लँजला टेकताच तो एकदम कडक होतो. तेथे थांबावे. नंतर डोक्याखाली फट मोजणाऱ्या फीलर गेजची बारीक पाती सरकवून पाहावी. कोठेही पाती शिरली तर डोके पूर्ण बसलेले नाही, आणि पुढे गाडी चालताना ते बसेल तेव्हा नटाचा ताण तेवढाच उतरेल.

हब गाडीवरच ठेवून, नट उलटा लावून, वॉशर घालून स्टड ओढून घेणे ही गॅरेजमधली नेहमीची पद्धत आहे. प्रेस उपलब्धच नसेल तर ती चालेल, पण काही अटींवर: स्टडचे आटे न दुखावतील असे दोन-तीन जाड वॉशर, त्यांच्यामध्ये ग्रीस, नट टाकाऊ असावा आणि पाना हाताचा असावा. इम्पॅक्ट गनने ओढलेला स्टड बसतो खरा, पण त्याचे आटे त्याच वेळी ताणले गेलेले असू शकतात. नंतर नवा नट त्यावर बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला नाही, तर तो स्टड बाद समजावा.

आता डोक्यांची आतली बाजू पाहावी. लांब स्टडचे डोके कधी कधी मूळ डोक्यापेक्षा जाड किंवा रुंद असते आणि ते ब्रेक शूच्या स्प्रिंगला, ॲडजस्टरला किंवा बॅकिंग प्लेटला घासते. हब तात्पुरता चढवून हाताने एक पूर्ण फेरा द्यावा आणि कान देऊन ऐकावे. ड्रम जर कापून वेगळा केलेला असेल, तर नव्या स्टडसह हब आणि ड्रम एकत्र लेथवर धरून ड्रमचा आतला पृष्ठभाग हलका फिरवून घ्यावा, म्हणजे ब्रेक लावताना पाय थरथरणार नाही. ड्रमचा आतला व्यास त्यावर ठोकलेल्या कमाल मर्यादेपलीकडे जाता कामा नये.

बेअरिंग धुतल्यावर ती कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नयेत. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरावे. ऑइल सील नवे घालावे. पुढच्या हबचा आतला नट, चाक फिरवत, ते जड होईपर्यंत आवळावा आणि सुमारे एकषष्ठांश फेरा मागे घ्यावा. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट आणि वॉशरची कड वाकवणे. चाकाला वरून-खालून धरून हलवले तर जाणवेल असा खेळ नसावा, आणि ते हाताने मोकळे फिरावे.

नट, बैठक आणि टॉर्क

नटाची बैठक रिमच्या बैठकीशी तंतोतंत जुळली पाहिजे. जीपच्या लोखंडी रिमला ६० अंशांच्या शंकूचा नट लागतो. अलॉय रिममध्ये शंकू, गोलाकार किंवा सपाट वॉशरची बैठक असे प्रकार असतात. गोलाकार बैठकीत शंकूचा नट केवळ एका रेघेवर टेकतो. नव्या रिमच्या भोकात थोडा निळा रंग किंवा मार्करची शाई लावून नट हलका आवळून काढावा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर बैठक जुळली.

टोपीचे बंद नट दिसायला देखणे असतात, पण लांब स्टडबरोबर त्यांची खोली मोजणे अत्यावश्यक आहे. स्टडचे टोक टोपीच्या तळाला टेकले की टॉर्क पाना ‘टक’ म्हणतो आणि आपण समाधानाने पुढच्या नटाकडे वळतो. प्रत्यक्षात तो टॉर्क टोपीच्या तळाने घेतलेला असतो आणि रिमवर दाबच आलेला नसतो. शंका असेल तेथे दोन्हीकडून उघडे नट वापरावेत. टोक बाहेर आलेले दिसते, आणि जे दिसते ते तपासता येते.

रिमचा आतला पृष्ठभाग आणि ड्रमचा चेहरा तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करावा. कोकणात, खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तेथे गंजाचा थर चटकन धरतो. गंज टाळण्यासाठी जाड रंग मारणे मात्र टाळावे, त्याचे कारण वर आलेच आहे. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत. तेल किंवा ग्रीस लावल्यास त्याच टॉर्कला स्टडवरचा ताण एक तृतीयांशापर्यंत वाढू शकतो आणि ८.८ दर्जाचा स्टड त्याच्या मर्यादेजवळ जाऊन पोहोचतो. स्टड बनवणाऱ्याने तेलाची सूचना आणि त्यासाठी वेगळा टॉर्क दिला असेल तरच तसे करावे.

चाक अधांतरी असताना पाचही नट बोटांनी टेकवावेत आणि एक सोडून एक, म्हणजे पाच टोकांच्या चांदणीच्या क्रमाने, हलके आवळावेत. गाडी खाली घेऊन त्याच क्रमाने आधी ५ किलोग्रॅम-मीटर आणि मग १० ते ११.५ किलोग्रॅम-मीटरपर्यंत न्यावे. अर्ध्या इंचाच्या, २० आट्यांच्या स्टडसाठी ही सर्वसाधारण मर्यादा आहे. रिमच्या निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. पान्यावर उभे राहून आवळलेल्या नटाला माणसाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त टॉर्क मिळतो. एवढे काम केल्यावर टॉर्क पाना उसना आणावा लागला तरी तो आणावाच.

पन्नास किलोमीटर झाल्यावर, चाके पूर्ण थंड असताना, पाना पुन्हा फिरवावा. पहिल्या वेळी नट थोडे फिरतील, ते साहजिक आहे. दीडशे किलोमीटरनंतर आणि पहिला मोठा घाट उतरून आल्यावर पुन्हा पाहावे. तिसऱ्या तपासणीतही एखादा नट फिरत असेल, तर तो आवळून पुढे जाऊ नये; तो स्टड पूर्ण बसलेला नाही, बैठक जुळलेली नाही किंवा रंग चुरतो आहे, या तीन गोष्टी चाक उतरवून शोधाव्यात.

शेवटी स्टेपनी. ती बहुधा जुनी लोखंडी रिमच असते आणि भोकाजवळ तिची जाडी पाच-सहा मिलिमीटर असते. अलॉयचे नट तिच्या बैठकीत बसतीलच असे नाही, आणि बंद नट असतील तर लांब स्टडची टोके त्यांच्या तळाला टेकून स्टेपनी सैलच राहते. म्हणून लोखंडी रिमचे पाच उघडे, शंकूचे नट वेगळ्या कापडी पिशवीत घालून जॅकच्या पिशवीलाच बांधून ठेवावेत, आणि घराच्या अंगणात, उजेडी, स्टेपनी चारही हबवर एकेकदा चढवून त्या नटांनी पूर्ण टॉर्कपर्यंत आवळून पाहावी.